पुलाला पैलवानाचं नाव

गावातल्या पादचारी पुलाला एखाद्या दिवंगत खेळाडूचं नाव द्यायचं, असा विषय नगरपालिकेच्या सभेपुढे आला की पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. एक गट म्हणतो, आमच्या मातीतला हिरा, नाव द्यायलाच हवं. दुसरा म्हणतो, आधी जिन्याच्या फुटलेल्या लाद्या बदला, दिवे लावा, मग नावाचं बघू. मग तिसरा कुणीतरी उठून प्रभागातल्या कार्यसम्राटांच्या वडिलांचं नाव पुढे करतो आणि पहिले दोन्ही गट एकदम गप्प होतात, कारण आता प्रश्न खेळाडूचा राहिलेला नसतो. या सगळ्या गदारोळात त्या माणसानं नेमकं काय केलं होतं, कुठल्या मैदानावर, कुणाविरुद्ध, कशाच्या जोरावर, हे कुणी बोलत नाही. बाजूचे विशेषणं उधळतात आणि विरोधातले खड्डे मोजतात.

माझं मत आधीच सांगतो. नाव द्यावं. उड्डाणपूल, चौक, क्रीडासंकुल हे पर्याय असले तरी मुद्दाम पादचारी पुलालाच द्यावं. मात्र ज्या कारणांनी ते सहसा दिलं जातं, त्यातली निम्मी कारणं मला पटत नाहीत; आणि जे विरोध करतात त्यांचे निम्मे आक्षेप मला पटतात.

पादचारी पूलच का? उड्डाणपुलावरचं नाव गाडीतला माणूस ताशी पन्नासच्या वेगानं वाचतो, म्हणजे वाचतच नाही. चौकातल्या पाटीवर चार वाढदिवसांचे फलक चढलेले असतात. क्रीडासंकुलाला कुंपण असतं, वेळ असते, बहुतेक ठिकाणी फी असते; ज्याला खेळाची ओढ आधीच आहे तोच आत जातो. पादचारी पुलावर मात्र सगळे येतात, आणि पायांनी येतात. शाळेची पोरं, भाजीची पिशवी घेतलेल्या बाया, लोकल चुकलेला कारकून. जिना चढताना दम लागतो, माणूस कठड्याला हात लावून दोन क्षण थांबतो. सार्वजनिक बांधकामांत अंग वापरल्याशिवाय ओलांडता येत नाही असं फार थोडं उरलंय. अंगमेहनतीवर नाव कमावलेल्या माणसाची आठवण तिथे ठेवली तर ती जागेला शोभून दिसते.

लंडनला वेम्बली स्टेडियमजवळ एक पादचारी पूल आहे. त्याचं नाव लोकांच्या मतदानातून ठरलं आणि लोकांनी फुटबॉलच्या दिग्गजांना बाजूला ठेवून एका घोड्याला पसंती दिली. १९२३ साली वेम्बलीवरच्या पहिल्या एफए कप (इंग्लंडमधली फुटबॉल स्पर्धा) अंतिम सामन्याला इतकी गर्दी लोटली की माणसं मैदानातच उतरली. जॉर्ज स्कोरी नावाचा पोलीस आणि त्याचा बिली नावाचा पांढुरका घोडा यांनी ती गर्दी हळूहळू रेषेबाहेर रेटली आणि सामना झाला. म्हणून तो ‘व्हाइट हॉर्स ब्रिज’. सामन्याच्या दिवशी हजारो माणसं सुखरूप पलीकडे न्यायची हेच त्या पुलाचं काम, आणि नाव आहे गर्दी आवरणाऱ्या घोड्याचं. नाव आणि काम यांचा असा सांधा जुळलेला मी आपल्याकडे क्वचितच पाहिलाय. आपल्याकडे नाव वरून चिकटवतात, वधूवरांच्या फोटोवर ‘शुभेच्छुक’ चिकटवावेत तसं.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप सगळ्यात ऐकू येणारा: नावं कसली देता, पूल आधी धड करा. हा हसण्यावारी नेण्याजोगा मुळीच नाही. डिसेंबर २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात एल्फिन्स्टन रोड स्थानकाचं नाव प्रभादेवी करावं असा ठराव झाला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, त्याच स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. नवा पूल लष्कराला बोलावून बांधून घ्यावा लागला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. आणि त्यानंतर, जुलै २०१८ मध्ये, प्रभादेवी हे नाव प्रत्यक्ष लागलं. हा घटनाक्रम नुसता ओळीनं वाचला तरी नामकरणाच्या बाजूनं बोलणाऱ्याची मान खाली जाते. माझीही जाते.

पण यातून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. नावाच्या फायलीनं रुंदीकरणाची फाइल अडवली नव्हती. दोन्हींची खाती वेगळी, पैसा वेगळा, टेबलं वेगळी. नावाचा ठराव झाला नसता तर पूल रुंद झाला असता, असं त्या २३ जणांच्या घरच्यांना कुणी डोळ्यांत पाहून सांगू शकेल का? १४ मार्च २०१९ रोजी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला, सात जण गेले. त्या पुलाला कुणा थोराचं नाव नव्हतं. त्याच्या आठ महिने आधी अंधेरीच्या पुलाची पादचारी बाजू रुळांवर पडली, त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव होतं. नाव असलेले पूल पडतात, नसलेलेही पडतात. गंज पाटी वाचत नाही.

हिमालय पुलाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि ती ‘नाव कशाला हवं’ म्हणणाऱ्यांनी जरूर ऐकावी. २६/११ च्या रात्री अतिरेकी त्या पुलावरून गेले, तेव्हापासून कित्येक मुंबईकर त्याला ‘कसाब पूल’ म्हणू लागले. अधिकृत नाव पर्वताचं होतं, पण त्याला गोष्ट नव्हती, म्हणून लोकांनी गोष्ट असलेलं नाव उचललं; आणि ते निघालं मारेकऱ्याचं. माणसं बिननावाच्या जागा फार काळ ठेवत नाहीत. आपण नाव दिलं नाही तर ते दारूच्या दुकानावरून पडेल, जाहिरातीवरून पडेल, नाहीतर अपघातावरून. ‘नाव की काम’ हा पेचच मुळात खोटा आहे. नाव पडणारच आहे. ते कुणी आणि कशावरून ठेवायचं, एवढंच काय ते आपल्या हातात असतं.

तरी आक्षेपातली खरी अर्धी बाजू शिल्लक राहतेच. नामकरण स्वस्त असतं आणि महागड्या कामाचं समाधान फुकटात देऊन जातं. फीत कापली, फोटो छापून आला, दुरुस्ती पुढच्या अंदाजपत्रकात. म्हणून ‘आधी दुरुस्ती’ या विरोधकांच्या घोषणेला मी अट करून टाकीन. स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं, दिवे लागलेले, पावसात जिना घसरत नाही, कठडा हलत नाही, तर नाव. यातलं एक जरी नसलं तरी ठराव मांडूच नये. आणि ज्याचं नाव, त्याच्या आयुष्याला साजेसा पूल हवा. पुढे कधी मुरलीकांत पेटकरांच्या नावाचा पूल व्हायचा असेल, म्हणजे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालेल्या आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक घेतलेल्या सांगली जिल्ह्यातल्या माणसाच्या नावाचा, तर त्या पुलाला लिफ्ट किंवा रॅम्प नसणं ही सरळसरळ टिंगल होईल. आज बिननावाच्या पुलाला रॅम्प नसला तर कुणाला काही वाटत नाही. पेटकरांच्या नावाच्या पुलाला नसला तर पहिल्याच दिवशी वर्तमानपत्रात चौकट येईल. नावाचा हा उपयोग कुणी जमेस धरत नाही: ते प्रशासनाला लाजवण्याची सोय करून ठेवतं.

दुसरा आक्षेप यापेक्षा जड आहे, आणि तो खेळाडूंच्या घरचेच बोलून दाखवतात: जिवंत होता तेव्हा विचारलं नाहीत, आता पूल कशाला? इथे मला खाशाबा जाधवांकडे यावंच लागतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान. १९४८ ला लंडनमध्ये सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर गावोगावी वर्गणी झाली आणि राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं वैयक्तिक स्पर्धेतलं पहिलं ऑलिम्पिक पदक. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि प्राचार्यांचं घर सोडवलं. पुढे पोलीस खात्यात नोकरी, निवृत्तीनंतरची ओढाताण, आणि १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशक उलटून गेल्यावर. दिल्लीत इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव लागलं तेही २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्तानं.

असा इतिहास समोर ठेवून कुणी म्हणालं, ‘तुमची पाटी ठेवा तुमच्यापाशीच’, तर मी त्याच्याशी भांडणार नाही. मेलेल्या माणसाला सन्मान देणं सोपं. त्याला पेन्शन द्यावी लागत नाही. पण मग पुढे काय? पाटी लावली नाही म्हणून ती पेन्शन मागच्या तारखेपासून मिळणार आहे का? उपेक्षेवर गप्प बसणं हा काही उतारा नव्हे, तो उपेक्षेचाच पुढचा हप्ता. फरक पाटीवर काय लिहिता यात पडतो. ‘महाराष्ट्राचे भूषण, पैलवान अमुकतमुक सेतू’ असं लिहिलंत आणि खाली नगराध्यक्षांपासून स्वीकृत नगरसेवकांपर्यंत सतरा नावं कोरलीत, तर घरच्यांचा राग शंभर टक्के रास्त. त्या ऐवजी पाटीवर लिहा की हा माणूस हेलसिंकीला गेला तेव्हा सरकारचा हात आखडता होता, गावानं वर्गणी काढली, एका शिक्षकानं घर गहाण टाकलं आणि या माणसानं कुस्त्या लढून ते सोडवलं. ही पाटी वाचून शाळकरी पोराला खाशाबा कळतील, आणि कमिटीतल्या लोकांना थोडं अवघडल्यासारखं होईल. दोन्ही चांगलंच.

अवघडलेपणावरून बाळू पालवणकर आठवतात. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टी राखायला, नेट लावायला महिना चार रुपयांवर असलेला दलित तरुण. साहेबांना सराव म्हणून तासन्‌तास गोलंदाजी करायचा. बॅट हातात मिळायची नाही. पुढे हिंदू संघात (तेव्हा क्रिकेटचे संघ धर्मानुसार असायचे) घेतलं ते नाइलाजानं, कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हतं. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू चालायचा, चहा मात्र तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी दिलं नाही. ते शेवटी १९२३ साली धाकट्या भावाच्या, विठ्ठलच्या वाट्याला आलं. भारतीय क्रिकेटचा पहिला थोर गोलंदाज म्हणावा असा हा माणूस. पुण्यात रोज नदी ओलांडणाऱ्या लाखभर लोकांपैकी किती जणांना हे नाव ऐकून माहीत असेल? आणि या माणसाच्या पाटीवर फक्त ‘थोर क्रिकेटपटू’ लिहून भागेल का? मातीच्या भांड्याचा उल्लेख नसेल तर ती पाटी खोटं बोलते.

आता कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या माणसांना पादचारी पूल? स्टेडियम द्या! ऐकायला भारदस्त वाटतं. पण स्टेडियमांची नावं कुणाची असतात ते एकदा बघा. मुंबईत ब्रेबर्न हे गव्हर्नरांचं नाव, वानखेडे हे राजकारणी आणि क्रिकेट संघटकांचं. खेळाडूंच्या वाट्याला आलं ते स्टँड आणि फाटक: मर्चंट, गावसकर, तेंडुलकर यांचे स्टँड, विनू मंकड आणि पॉली उम्रीगर यांची फाटकं. दिल्लीत २०१९ साली फिरोजशाह कोटला अरुण जेटलींच्या नावे झालं, आणि पुढच्याच वर्षी बिशनसिंग बेदींनी, तिथल्या स्टँडवरचं माझं नाव काढा, असं पत्र पाठवलं. स्टेडियम ही सत्तेची जागा आहे, आणि आता बाजाराचीही होत चालली आहे. मुंबईच्या भुयारी मेट्रोत सिद्धिविनायक स्थानकाच्या नावाआधी एका विमा कंपनीचं नाव लागतं. जिथे गणपतीला थांबावं लागलं तिथे पैलवानाचं काय घेऊन बसलात!

अमेरिकेत पिट्सबर्गला हेच घडलं. रॉबर्टो क्लेमेंटे हा तिथला बेसबॉलपटू, मूळचा प्वेर्तो रिकोचा. १९७२ च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून गेला. पुढे शहरात नवं मैदान होणार म्हटल्यावर चाहत्यांनी त्याचं नाव मागितलं, पण नावाचे हक्क एका बँकेला विकले गेले. मग १९९८ साली मैदानाकडे जाणाऱ्या नदीवरच्या जुन्या पुलाला क्लेमेंटेचं नाव दिलं. वरवर पाहता ही दुय्यम बक्षिसी. पण सामन्याच्या दिवशी त्या पुलावर गाड्या बंद करण्याचा रिवाज पडला, आणि लोक क्लेमेंटेच्या अंगावरून नव्हे, त्याच्या सोबतीनं चालत मैदानात जाऊ लागले. बँकेचं नाव करार असेल तोवर राहील. पुलाचं विकत घ्यायला कुणी येणार नाही, कारण त्यात नफा नाही. पादचारी पुलाचं हे गरीबपणच त्याचं संरक्षण आहे.

क्लेमेंटेच्या उदाहरणात आणखी एक आकडा दडलाय: मृत्यू आणि नामकरण यांत २५ वर्षांचं अंतर. नायकाचा पाय घसरला तर काय, या आक्षेपाला माझं उत्तर तेच. अमेरिकेतल्याच सिनसिनाटीत १९८५ साली बेसबॉलपटू पीट रोझनं विक्रम केला आणि उत्साहाच्या भरात त्याच्या हयातीतच रस्त्याला नाव दिलं. १९८९ मध्ये सट्टेबाजीवरून त्याच्यावर बेसबॉलमध्ये आजन्म बंदी आली. पाटी तशीच राहिली, बघणाऱ्यांनी काय समजायचं ते समजावं. आपल्याकडे तर पदक गळ्यात पडल्याच्या आठवड्यातच कोनशिला तयार. थांबावं. हयात माणसाचं नाव नको, आणि मृत्यूनंतरही निदान दहा वर्षं नको. एवढ्या काळानंतरही गावात कुणी आपणहून त्याचं नाव काढत असेल, तालमीत त्याचा फोटो पुसला जात असेल, तर ते नाव टिकाऊ समजावं. शोकसभेतल्या टाळ्यांवर ठरवलेली नावं पुढच्या शोकसभेपर्यंतच टिकतात. जातीचं, पक्षाचं, प्रभागाचं राजकारणही या दहा वर्षांत बरंचसं विरतं. सगळं नाही, पण बरंचसं.

आणि ‘स्थानिक’ हा शब्द मी जपून वापरतो. सचिन तेंडुलकरला पुलाची गरज नाही. ऑलिम्पिकला न गेलेला, पण तीस वर्षं फाटक्या मॅटवर पोरं घडवणारा वस्ताद. राष्ट्रीय स्पर्धेत खो-खो खेळून घरी परतलेली आणि गावातल्या मुलींसाठी मैदान मागत फिरलेली बाई. पहाटे धरणाच्या रस्त्यावर एकटा धावणारा आणि मग त्याच्या मागून वीस पोरं धावू लागली असा माणूस. राष्ट्रीय पातळीवर यांना कुणी ओळखत नाही, आणि त्यात काही वावगं नाही. गावानं ओळखायचं ते यांनाच, कारण बाकी कुणी ओळखणार नाही. मोठी नावं मोठ्या शहरांना पुरून उरली आहेत. तालुक्याच्या पुलावर राष्ट्रीय पुढाऱ्याचं पन्नासावं नाव लावण्यानं त्या पुढाऱ्याच्या कीर्तीत काय भर पडते, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

शेवटचा आक्षेप हताश माणसांचा: काहीही नाव द्या, लोक ‘स्टेशनचा पूल’च म्हणणार. खरं आहे. पुण्यात संभाजी पूल आहे. रिक्षावाल्याला सांगून बघा, तो आधी ‘लकडी पूल का?’ विचारेल. १७६१ मध्ये पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांनी घाईनं लाकडी पूल बांधवला. हरून परतणाऱ्या माणसांना भर वस्तीतून तोंड दाखवत यावं लागू नये म्हणून, असं सांगतात. तो पूल कधीच गेला, त्याच्या जागी दगड आला, पाटी बदलली. पण अडीचशे वर्षांपूर्वी हरून आलेल्या माणसांची गोष्ट रिक्षावाल्याच्या तोंडी शाबूत आहे, त्याला ती ठाऊक असो वा नसो. उलट दादरचा टिळक पूल पाटीवरही टिळक आणि तोंडीही टिळकच. कुठलं नाव रुजेल हे सभागृहात ठरत नाही, हे मान्यच. पण रुजायला आधी पेरावं लागतं, आणि शंभर पेरल्यावर दहा उगवतात हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पोरं ‘स्टेशनचा पूल’ म्हणणार असतील तर म्हणू देत. जिना चढताना दम लागून कठड्याशी थांबलेल्या एखाद्यानं खालच्या पाटीवर घर गहाण टाकलेल्या मास्तरची गोष्ट वाचली, आणि पलीकडे उतरून ती दुसऱ्याला सांगितली, तर पुलाला कुणी काय म्हणतं याची मला फिकीर नाही. लकडी पुलात तरी लाकूड कुठे उरलंय?